मधला आकडा

बशीत अर्धी गोळी होती. दुसरी अर्धी कुठे गेली म्हणून इस्मेनियाने बशी उचलून पाहिलं, तर तिचा भुगा टेबलाच्या फटीत जाऊन बसलेला — सुरीने गोळी कापली की असंच होणार, एक तुकडा नीट निघतो आणि दुसऱ्याचं पीठ होतं, आणि तरी नेलिदा रोज सुरीच घेते, कारण अर्ध्या ताकदीच्या गोळ्यांचं पाकीट निराळं मिळतं पण त्याची किंमत पुऱ्या ताकदीच्या पाकिटाएवढीच, मग कापून घेतलं की तेच पाकीट दुप्पट पुरतं. असा विचार करायची सवय या घराला पूर्वी नव्हती. ती मी लावली... तिनं बोट ओलं करून फटीतला भुगा टिपला, बशीच्या कडेला पुसला, आणि क्षणभर तिला कळेना की हे आपण काटकसर म्हणून केलं की बाबांना औषध पूर्ण मिळावं म्हणून.

बाबा हीटरजवळच्या खुर्चीत होते. गुडघ्यांवर घोंगडी, घोंगडीवर कालचं वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर पावाचे कण. ब्याण्णव वर्षांचा माणूस इतका शांत बसू शकतो की खोलीत शिरणाऱ्याला आधी हीटर दिसतो आणि मग तो. घरभर रॉकेलचा वास — हिवाळा लागला की पडदे, उशा, पावाची टोपली, सगळ्यांना हाच वास, रांकाग्वातल्या अर्ध्या घरांना हाच. सकाळच्या गाडीने सांतियागोहून यायचं, शुक्रवारभर थांबायचं, तिन्हीसांजेला परत जायचं. हे इतकी वर्षं चाललं होतं की केसांत बसलेला तो वास शनिवारी धुवून टाकायचीही तिला आता घाई नसे.

आज आकडा द्यायचा होता. धाकटा भाऊ रोमुलो दुपारी येईल, आणि आल्याआल्या तोच विषय काढेल.

एक आकडा ती काल देऊन मोकळी झाली होती. पुढची दहा वर्षं तांब्याचा भाव सरासरी काय राहील? दर हिवाळ्यात सरकार काही जाणकारांना हा प्रश्न विचारतं. प्रत्येकानं आपापल्या घरी बसून, दुसऱ्याला न विचारता आकडा कळवायचा, मग त्यांतला सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा काढून टाकायचा आणि उरलेल्यांची सरासरी घ्यायची. त्या सरासरीवर देशाचा खर्च बेतायचा. भाव तिच्यावर गेला तर वरचा पैसा गंगाजळीत, खाली आला तर गंगाजळीतून काढून खायचं — चांगल्या दिवसांत हात आखडायचा म्हणजे वाईट दिवसांत तो थोडा सैल सोडता येतो. ऐकायला किती सोपं. निम्मं आयुष्य तिनं हे सोपं वाक्य लोकांना समजावण्यात घालवलं, वर्गांत, सभांत, एकदा टेलिव्हिजनवर, जिथे समोर बसलेल्या कोवळ्या पोरीनं तिला विचारलं होतं की बाई, तिजोरीत पैसे आहेत आणि इस्पितळात खाटा नाहीत, तर तुम्हाला झोप कशी लागते... लागत असे. तेव्हा अगदी छान लागत असे. सगळ्यांचे आकडे जाहीर व्हायचे तेव्हा तिचा कधी कडेला नसायचा. वरून मोजा, खालून मोजा, तो आपला मधोमध. मधोमध असण्यात एक ऊब असते. आपण चुकलो तर एकटे चुकत नाही.

काल तर तिनं चहा पिता पिता आकडा पाठवला आणि कप विसळला.

नेलिदा पातेलं घेऊन आली, भोपळा चिरू का मोठा ठेवू म्हणून विचारायला. पण विचारून झाल्यावरही ती गेली नाही. पदराशी खेळावं तसं तिनं ॲप्रनच्या टोकाशी चाळा केला. आठ वर्षं ती या घरात राहत होती, मागच्या खोलीत, रविवार सोडून रात्रंदिवस. बाबांना खुर्चीतून उठवण्याची तिची एक पद्धत होती, काखेत हात घालून ती त्यांना नाचायला बोलावल्यासारखं उठवायची आणि तेही दोन पावलं नाचल्यासारखं करायचे. हे दुसऱ्या कुणाला जमत नसे. इस्मेनियानं एकदा प्रयत्न केला तेव्हा दोघंही पलंगावर कोसळले होते.

“बाई, काय ते मला आधी सांगा,” नेलिदा म्हणाली. “पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीकडे मला बोलावतायत. मी त्यांना सोमवारपर्यंत थांबवलंय. मला जायचं नाहीये, पण अर्ध्या दिवसाच्या पगारात माझं भागायचं नाही, आणि आजोबांना अर्ध्या दिवसात भागायचं नाही.”

इस्मेनियानं सांगते म्हटलं. नेलिदानं मान डोलावली, आणि भोपळा मोठाच ठेवते, असं स्वतःशीच ठरवून गेली.

मोठा भोपळा, मक्याचं कणीस, हाडाचा तुकडा. आईचा हा रस्सा, कासुएला, असाच असायचा, निदान ज्या वर्षी हाड परवडायचं त्या वर्षी. बाबा वर डोंगरात तांब्याच्या भट्टीवर होते, आणि घरात काय आहे ते पाहून पोरांना तांब्याचा भाव कळायचा. तो वर्तमानपत्रात वाचावा लागत नसे. भाव चढला की रेडिओ येई, आईचं शिवणयंत्र येई, पगाराच्या दिवशी बाबा अख्ख्या गल्लीला पाजत. भाव पडला की आधी रेडिओ जाई, मग शिवणयंत्र. सरकारी गहाणखात्याला सगळा गाव ‘श्रीमंत मावशी’ म्हणायचा, आणि छोटी फ्रेसिया रडत विचारायची की यंत्र कुठे गेलं, तर आई सांगायची, मावशीकडे राहायला गेलंय, येईल. ते यायचं. आणि पुन्हा जायचं. आई त्या यंत्रावर हात फिरवायची तेव्हा, घरात असतानासुद्धा, ते निघून चाललेलं आहे असाच तो हात फिरायचा... त्या हातानं मला अर्थशास्त्र शिकवलं, असं ती विद्यार्थ्यांना कधी म्हणाली नाही, भावुक वाटलं असतं. बाबांना मात्र कधी काही वाटलं नाही. तांब्याचं असंच असतं, म्हणायचे, आणि असतील ते पैसे उडवून मोकळे व्हायचे. तिला त्यांचा तेव्हा राग यायचा. अजूनही, या घोंगडीखालच्या हाडांच्या मोळीकडे बघताना, कधी कधी येतो.

म्हणूनच आठ वर्षांपूर्वी तांबं आभाळाला टेकलं आणि उत्तरेच्या खाणीत रोमुलोला करारावर सही केल्याबद्दल भलीमोठी रक्कम मिळाली, तेव्हा ती आपण होऊन मध्ये पडली. त्या वर्षी खाणीतला प्रत्येकजण नवी गाडी घेत होता. रोमुलोनंही एक लाल पिकअप पसंत करून ठेवली होती. पण आई जाऊन थोडेच महिने झाले होते, बाबा न्हाणीघरात पडले होते, आणि रोमुलो घरी आला तो गाडीचा विचार सोडूनच आला. पैसे बाबांसाठी, म्हणाला, तुम्ही ठरवा कसे ते. असा तो आहे. बाबांचा मुलगा. देऊन मोकळा होणारा.

तिनं नियम केला. पैसे एका ठेवीत ठेवायचे, आणि दर महिन्याला तेवढेच काढायचे जेवढे शेवटपर्यंत पुरतील. शेवट म्हणजे कधी? हे कुणीतरी म्हणायलाच हवं होतं, आणि ती म्हणाली. प्रत्येकानं सांगा, बाबा अजून किती वर्षं. पाच आकडे घेऊ — आपण चार भावंडं आणि डॉक्टर — वरचा आणि खालचा सोडू, उरलेल्यांची सरासरी. तिला तेव्हा हे किती निर्मळ वाटलं होतं... कुणाचा स्वभाव नको, कुणाचं रडणं नको. डॉक्टर म्हणाले चार. फ्रेसिया पाच. दक्षिणेकडून फोनवर एल्व्हिओ नऊ. ती स्वतः सात. आणि रोमुलो, टेबलावर मूठ आपटून, पंधरा. बाबा आपल्या सगळ्यांना पोचवून मग जातील. चार गेले, पंधरा गेले. पाच, सात, नऊ. सरासरी सात. तिचाच आकडा. तिला आनंद झाला होता — हो, झाला होता, आता नाकारून काय उपयोग, आपल्या बापाच्या उरलेल्या आयुष्याचा आपला आकडा बरोब्बर मध्ये पडला म्हणून मला आनंद झाला होता.

ते डॉक्टर तीन वर्षांत स्वतःच गेले. बाबा अंत्ययात्रेला गेले, मस्त सूट घालून.

सात वर्षं संपली तेव्हाही महिन्याचे पैसे नेहमीसारखेच निघाले. मध्ये रोमुलोनं आणखी एकदा भर घातली होती, गोळ्या कापून, रॉकेल जपून थोडं वाचलं होतं, त्यामुळे ठेव अजून होती. आणि मग गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी बाबांची छाती तपासली आणि हसत हसत सांगितलं की यांचं हृदय एखाद्या तरुणाला द्यावं असं आहे. सगळ्यांना फोन गेले. सगळ्यांना आनंद झाला. आणि त्या आनंदातच एल्व्हिओनं विचारलं की मग ठेवीचं कसं?

ठेव आता आहे तशी चालवली तर दोन वर्षं पुरेल. हे घर, हा हीटर, ही खुर्ची, मागच्या खोलीत नेलिदा. पण जर बाबा पाच वर्षं असतील, सहा असतील, तर आजच हात आखडायला हवा: नेलिदाला निरोप, कारण अर्ध्या दिवसावर ती राहायची नाही, घर भाड्यानं, आणि बाबा फ्रेसियाच्या घरातल्या मागच्या खोलीत, कपडे धुवायच्या यंत्राशेजारी, नातवंडांच्या गोंधळात, फ्रेसिया कामावर गेली की एकटे. फ्रेसिया वाईट नाही, फक्त तिच्या दिवसाला जागा नाही. भर कुणी घालायची? तांबं पडलं तशी उत्तरेच्या खाणीनं रोमुलोला घरी पाठवलं, आता तो मेव्हण्याच्या भावाची टॅक्सी भाड्यानं चालवतो. एल्व्हिओची मासळी, मिळाली तर मिळाली. आणि ती स्वतः... देशाला आयुष्यभर पैसे बाजूला टाकायला सांगणाऱ्या बाईचं निवृत्तिवेतन किती येतं, हे ऐकून रोमुलो एकदा इतका हसला होता की त्याला ठसका लागला. रॉकेलचे पैसे ती देत होती. त्याच्या पलीकडे तिच्याजवळ काही नव्हतं.

रोमुलो आला तो पावाची पिशवी आणि थंडी घेऊन. नेलिदाची थट्टा केली, बाबांच्या टकलाचा मुका घेतला, त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं की कालच्या सामन्यात आपल्या संघानं माती खाल्ली. बाबा म्हणाले, खाऊ दे, स्वस्त आहे. जेवताना तो फक्त गाडीबद्दल बोलला. बाबांनी हाडातला मगज चमच्याच्या दांड्यानं कोरून काढला, पावावर पसरला आणि इतक्या सावकाश, इतक्या मन लावून खाल्ला की इस्मेनियाला नजर दुसरीकडे वळवावी लागली. एवढी भूक. या वयात, कासुएलाची दुसरी वाटी. तिनं स्वतःला पकडलं — मी त्यांचे घास मोजतेय, आणि आई मुलाचे मोजते तसे नाही.

जेवणं झाल्यावर रोमुलो तिला परसात घेऊन गेला, लिंबाखाली, सिगारेट ओढायला. थंडीत धूर कुठला आणि श्वास कुठला ते कळत नव्हतं.

त्यानं सांगितलं की एल्व्हिओनं सहा दिलेत, फ्रेसियानं दोन. फ्रेसियाला विचारलं तेव्हा ती आधी रडली, मग म्हणाली दोन, मग पुन्हा रडली.

“आणि तुझा?”

“एक.”

तिला वाटलं तो चिडवतोय. तो चिडवत नव्हता. ज्यानं मूठ आपटून पंधरा म्हटलं होतं, तोच लिंबाच्या बुंध्यावर राख झाडत होता.

“तूच शिकवलंस ना ताई,” रोमुलो म्हणाला. “गेल्या वेळी मी भाबडेपणानं बोललो. मला वाटलं, जास्त म्हटलं की बाबांना जास्त मिळतं. उलटं आहे. जो म्हणेल म्हातारा लवकर जाणार, तोच त्याला चांगलं जेवू घालणार. म्हणून मी म्हणतो एक.”

“पण तुला तसं वाटत नाही.”

“मला वाटण्याचा काय संबंध? त्याला वाटतंय का काही? त्याला मगज हवाय.”

तिनं त्याला समजावायला सुरुवात केली. तोंडातून तेच शब्द येत होते जे तीस वर्षं येत आले, की सोयीचा आकडा धरला की आकड्याला अर्थ उरत नाही, की दोन वर्षांनी ठेव संपली आणि बाबा असेच, चौऱ्याण्णव वर्षांचे, खुर्चीत बसलेले असले, तर त्या दिवशी नेलिदाही नाही आणि रॉकेलही नाही, आणि तेव्हा त्यांना उचलून न्यायचं म्हणजे... त्या दिवशी काय?

“त्या दिवशी बघू,” रोमुलो म्हणाला.

त्या दिवशी बघू. किती माणसांच्या तोंडून तिनं हे ऐकलं होतं, चांगल्या कपड्यांतल्या, चांगल्या मनाच्या माणसांच्या. भाव चढलेला असताना ते म्हणत की पडेल तेव्हा बघू, आणि पडला की म्हणत, चढेल तेव्हा बघू. त्यांच्याशी भांडण्यात तिची तरुण वर्षं गेली. पण त्यांच्यातला एकही बाबांचा मुका घेऊन बाहेर आलेला नव्हता. आणि तिला एकाएकी इतका थकवा आला की लिंबाच्या बुंध्याला टेकावंसं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी असला आकडा द्यायला नकार दिला होता, म्हणजे या वेळी आकडे चारच. एक आणि सहा कडेचे, ते जाणार. राहणार फ्रेसियाचे दोन आणि तिचा. म्हणजे तिनं दोन म्हटलं तर सरासरी दोन, काहीच बदलणार नाही, नेलिदा राहील. पाच म्हटलं तर साडेतीन, आणि सोमवारी नेलिदा पलीकडच्या गल्लीत. बाकी कुणाच्या आकड्याला आता काही करता येत नव्हतं. तिला हेही सुचलं की आपण मुद्दाम काहीतरी भलताच, वीस म्हणावं, म्हणजे आपला आकडा आपोआप बाद होईल आणि आपल्यावर काही येणार नाही; पण ती कडेला गेली की एल्व्हिओचे सहा आत सरकतात, आणि मग बाबांचं आणखीच वाईट. बाहेर राहायला जागाच नव्हती.

रोमुलोनं सिगारेट विझवली. म्हणाला, नियम तुझा आहे, समितीबाई, आम्ही पाळतोय. संध्याकाळी तो सगळ्यांना फोन करणार होता.

दुपारी बाबांचे पाय धुवायचे असत, ते शुक्रवारचं काम तिचं. टब, कोमट पाणी, मीठ. ती खाली, छोट्या स्टुलावर; बाबा वर. पावलं लांब, पिवळी, टाचा अजून भट्टीवाल्याच्या, दगडासारख्या. स्वयंपाकघरातून रोमुलो आणि नेलिदाचा हलका आवाज, भांड्यांचा आवाज... पाच. जीवनमानाचे तक्ते तिला पाठ होते. या वयापर्यंत पोचलेला माणूस, त्यात हे हृदय, ही भूक, पाच अगदी सरळ निघतात. दोन म्हणायचे तर ते प्रेमानं म्हणायचे. आणि प्रेमानं म्हणायला काय हरकत आहे? एकदा? घोट्यावरून पाणी सोडताना तिला वाटलं, बाईगं, एकदा सोयीचा आकडा धर, जग बुडत नाही. दोन म्हण, त्यांना त्यांच्या खुर्चीत राहू दे, आयुष्यभर सगळ्यांना नको म्हणालीस, बापासाठी एकदा हो म्हण. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बरं वाटलं. मी दोन म्हणणार आहे. त्यांच्यासाठी.

“तुझा किती?” बाबा म्हणाले.

तिनं वर पाहिलं.

“रोमुलोचा एक. फ्रेसियाचे दोन. दक्षिणेतला सहा म्हणतोय, तो लहानपणापासून चिक्कू आहे. मला सगळं ऐकू येतं, उत्तर द्यायचा कंटाळा येतो, एवढंच. तुझा किती?”

ती सांगायला लागली की बाबा, हे असं मनाला लावून घेण्यासारखं नाही, हा नुसता अंदाज असतो, तक्त्यांवरून काढतात, वय, तब्येत...

“अंदाज नाही विचारला,” बाबा म्हणाले. “तुला किती हवंय?”

आणि पाण्यात हात तसेच असताना तिला एक शुक्रवार दिसला. सांतियागोतली तिची खोली, पडदा ओढलेला, घड्याळ लावलेलं नाही. गाडी निघून गेली आहे आणि तिला ती पकडायची नव्हती. अंगावर गरम पांघरूण, केसांना कसलाच वास नाही. बाहेर हिवाळा, लगेच पुढच्याच वर्षीचा. त्या शुक्रवारात बाबा नव्हते. मेलेले, शवपेटीतले, असे काही नव्हते. नुसते नव्हते, ही खुर्ची नव्हती, हा टब नव्हता, आणि त्या नसण्यात इतकी मऊ, इतकी खोल विश्रांती होती की तिचं सगळं अंग त्या दिशेनं कललं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती खोली तिला अनोळखी नव्हती. ती तिथं कितीदा जाऊन आली होती. गाडीत, खिडकीला डोकं टेकवून, दर शुक्रवारी, डोळे मिटले की. फक्त त्या खोलीला आकडा नव्हता. आता होता. दोनसुद्धा नाही. रोमुलोनं प्रेमानं म्हटलेलं एक, तेच. पण प्रेमानं नाही.

म्हणजे ते दोन, ज्यांनी आत्ताच डोळ्यांत पाणी आणलं होतं, त्यांच्याआड हे उभं होतं? आणि पाच? तक्त्यांतून अगदी सरळ निघालेले पाच... तक्त्यात तीनही बसले असते, तिला ठाऊक होतं, कुठून वाचायचं त्यावर आहे. ती खोली कुणाला दिसू नये म्हणून तर तिनं तीन सोडून पाच धरले नसतील? आणि काल चहा पिता पिता पाठवलेला तो, आणि त्याआधीचे सगळे, वरून मोजा, खालून मोजा, मधोमध असलेले — त्यांतला एक तरी तिला खरोखर वाटला होता का, की ती मधली जागाही एक खोलीच होती, गरम, पडदा ओढलेली?

“मी काही थकलो नाहीये,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात ना राग होता, ना उपकार; गाडी उशिरा आहे असं सांगावं तसं ते म्हणाले. “तू दिसतेस थकलेली.”

तिनं त्यांचा उजवा पाय पाण्यातून काढून मांडीवर घेतला आणि टॉवेलनं झाकला.

स्वयंपाकघराच्या दारातून रोमुलोनं विचारलं, “काय ताई, किती सांगू त्यांना?” त्याच्यामागे नेलिदा उभी होती, ओले हात पुढे धरून, थेंब जमिनीवर पडू नयेत म्हणून.

तोंड उघडलं की काहीतरी येईल असं इस्मेनियाला वाटलं होतं. दोन म्हटलं तर ती इच्छा होती आणि पाच म्हटलं तर ते प्रायश्चित्त. मधे धरायला काहीच उरलं नव्हतं, आणि चौघांच्या त्या खोलीत ती पहिल्यांदाच अगदी कडेला होती. टॉवेलखाली बाबांचं पाऊल गरम होतं, दर शुक्रवारपेक्षा जड. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि पुसायचं विसरून तशीच बसली. आणि बाबांनी पाय काढून घेतला नाही, ते नुसते तिच्या हातात पाय सोडून थांबले, आपल्याकडे वेळच वेळ असल्यासारखे.